गाळाचे थर बघून सन १७०० चा भूकंप, तोही रात्री नऊ वाजता? कसं काय ओ?

पोकलेनवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, एक पोकलेन आणि दोन टिप्पर आहेत, शेततळी, विहिरी, गाळ उपसणं असली कामं करतो. शिक्षण बारावी, तेव्हा प्रश्न येडा वाटला तर सांभाळून घ्या.

झालं असं की उन्हाळ्यात हिप्परग्याचा तलाव खाली गेला तेव्हा गाळ भरायचं काम चालू होतं, आणि बकेटनं उभा काप घेतला की बाजूच्या भिंतीत थर दिसतात, काळा, मग भुरका, मग बोटभर रेतीची रेघ, परत काळा. फोटो काढून भाचीला पाठवला, ती इथंच कॉलेजात जिऑलॉजी करतीय. ती म्हणाली मामा असेच थर बघून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा सन १७०० चा मोठा भूकंप शोधलाय, आणि नुसतं साल नाही, २६ जानेवारी रात्री नऊच्या सुमाराला झाला इथपर्यंत सांगितलंय. तिकडं त्या काळी लिहून ठेवणारं कोणी नव्हतं म्हणे.

आता माझं डोकं चालंना. गाळ तर दर पुरात येतो, मग तो भूकंपानं आला हे कशावरून? जमीन खाली गेली का पाणी वर आलं हे तीनशे वर्षांनी कोण सांगणार? आणि घड्याळाचा टाइम चिखलात कुठं लिहिलेला असतो?

अजून एक. किल्लारीच्या वेळी मी पहिलीत होतो, गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या आसपास वडलांनी आम्हाला उचलून रस्त्यावर आणलं तेवढं आठवतंय, अख्खी गल्ली चादरी गुंडाळून सकाळपर्यंत बाहेर बसलेली. त्याच्या आधी सगळे म्हणायचे आपला भाग काळ्या पाषाणावर आहे, एकदम सेफ. मग आपल्या मातीत जुन्या किल्लाऱ्या सापडतील का? भाचीला विचारलं तर ती म्हणाली परीक्षा झाल्यावर सांगते. म्हणून इथं विचारलं.

कडक_भाकरी

तीनशे वर्षांपूर्वीचा भूकंप रात्री नऊ वाजता झाला हे सांगतात आणि आमच्याकडं उद्या पाऊस पडणार का विचारलं तर तुरळक ठिकाणी शक्यता 😂 चालू द्या, मी शेंगाचटणी घेऊन बसलोय वाचायला.

खाजणातला_चिखल्या

प्रश्न अजिबात येडा नाही, तुम्ही जे तीन प्रश्न विचारलेत त्यांचं उत्तर द्यायलाच शास्त्रज्ञांना दहाएक वर्षं लागली. मी मूळचा रत्नागिरीकडचा, खाडीच्या गाळावर थोडंफार काम केलंय, जमेल तसं सांगतो, लांबेल.

आधी जागा समजून घ्या. आमच्याकडं खाडीच्या कडेला खाजण असतं. रोजच्या भरतीला खालचा चिखल बुडतो, पण वरच्या बाजूला जिथं फक्त उधाणाचं पाणी पोचतं तिथं खारं गवत वाढतं, मुळं आणि पाला साठून काळी तपकिरी माती तयार होते. म्हणजे गवताची माती एका उंचीला, उघडा चिखल त्याच्या खाली, आणि खारं पाणी न सोसणारी मोठी झाडं त्याहून वर. ही उंची अगदी ठरलेली असते, हातभर इकडं तिकडं झालं की झाडोरा बदलतो.

आता अमेरिकेच्या वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांच्या किनाऱ्यापुढं समुद्रतळाची एक प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा मोठा तुकडा, हुआन दे फुका नाव तिचं, जमिनीच्या प्लेटखाली सरकतीय. सरकतीय म्हणजे शेकडो वर्षं अडकून बसलेली असते. तुमच्या सोलापुरी चादरीचंच उदाहरण घ्या, फरशीवर अंथरा आणि एक कड आत ढकलत राहा, मध्ये फुगवटा येतो. किनाऱ्याची जमीन तशी वर्षाला काही मिलिमीटर वर फुगत असते, त्याच्यावर खाजण होतं, वरच्या अंगाला जंगल होतं. मग एक दिवस अडकलेली कड सुटते, फुगवटा बसतो, आणि काही मिनिटांत किनारा अर्धा ते दोन मीटर खाली जातो. काल जिथं गवत होतं तिथं आजपासून दिवसातून दोनदा भरती. गवत मरतं आणि त्याच्यावर राखाडी चिखल बसायला लागतो. पुढं चिखल साठत साठत, जमीन परत फुगत फुगत, पुन्हा गवताची उंची येते, वर नवी माती, परत भूकंप, परत चिखल. १९८० च्या दशकात ब्रायन ॲटवॉटर नावाचे भूशास्त्रज्ञ ओहोटीच्या वेळी होडीतनं खाड्यांच्या काठाला फिरले, काठ खरवडून बघितला तर काळी माती, राखाडी चिखल, काळी माती, राखाडी चिखल, एकाखाली एक. त्यांचा पेपर १९८७ साली आला. तोवर बरेच लोक म्हणत होते की तिकडं मोठा भूकंप होतच नाही, कारण लिखित इतिहासात एकही नाही. लिखित इतिहासच दोनअडीचशे वर्षांचा, ते सोडून द्या!

लेव्हल_पाईप

अक्कलकोट रोडला बांधकामाची कामं घेतो. ओ पोकलेनवाले, सोपं आहे बगा. आपण प्लिंथ लेव्हल काढताना पारदर्शक नळीत पाणी भरतो आणि दोन टोकांना खूण करतो ना? पाणी खोटं बोलत नाही. तिकडं समुद्र म्हणजे ती नळी. जमीन हलली तरी पाणी जागेवर, मग मातीवरची खूण किती घसरली ते मोजायचं. बरोबर का ओ चिखल्याभाऊ?

खाजणातला_चिखल्या

एकदम बरोबर, आणि हे मी वर्गात वापरणार आता.

एवढंच की समुद्राची नळी पण हळूहळू हलत असते, शतकानुशतकं पाणी थोडं थोडं चढत असतं. खरं म्हणजे ते चढतं म्हणूनच हे थर टिकलेत, नाहीतर जमीन फुगून पूर्ण वर आली असती आणि पावसानं सगळं धुऊन नेलं असतं.

संशयी_सांगोलेकर

माफ करा पण इथंच घोळ आहे. पाणी हळूहळू चढलं तरी गवत बुडणार आणि वर चिखल बसणार. मोठं वादळ आलं तर रेती पण येऊन पडणार. मग भूकंपच कशाला पाहिजे? दोन थर दिसले की भूकंप, चार दिसले की चार भूकंप, असं असेल तर आमच्या माण नदीच्या काठाला पण दरवर्षी भूकंप होतोय म्हणायचं.

खाजणातला_चिखल्या

हा खरा प्रश्न. आणि हाच आक्षेप तिकडच्या लोकांनी एकमेकांवर भरपूर घेतलाय.

पाणी हळू चढलं तर माती आणि चिखल यांच्यात सरमिसळ होते, गवताची मुळं कमी होत होत जातात, वीतभर जाडीत रंग बदलत जातो. इथं तसं नाही, चाकूनं कापल्यासारखी रेघ असते, खाली मुळांनी भरलेली माती आणि लगेच वर चिखल. उलट त्याच चिखलातून वर परत माती होताना मात्र बदल सावकाश दिसतो. म्हणजे बुडणं एका झटक्यात आणि सावरणं हळूहळू. हा एकतर्फीपणा नुसत्या पाण्याच्या चढ-उतारानं येत नाही.

मग डोळ्यांना नीट न दिसणारा पुरावा. खाजणाच्या चिखलात फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशी जीव असतात, बारीक रेतीच्या कणाएवढं कवच, आणि डायटम नावाचं काचेसारख्या कवचाचं शेवाळ. कुठली जात किती उंचीला राहते हे ठरलेलं असतं. आजच्या खाजणात वरपासून खालपर्यंत लेव्हल लावत जागोजागचा चिखल घ्यायचा, मायक्रोस्कोपखाली कवचं मोजायची, एक कोष्टक बनवायचं, आणि मग रेघेच्या खालच्या आणि वरच्या चिखलातली कवचं त्या कोष्टकाला लावायची. जमीन किती खचली त्याचा आकडा तिथून येतो, काही वीत इकडंतिकडं धरून. एकेका नमुन्यात शेकड्यांनी कवचं मोजावी लागतात, मान मोडते, मी स्वतः केलंय.

रेतीचं म्हणाल तर तुमचं अर्धं खरं आहे. वादळ रेती आणतंच. पण वादळ जमीन खाली नेत नाही. बुडालेल्या मातीवर थेट रेतीची चादर, ती खाडीच्या तोंडाकडं जाड आणि आत जाताना पातळ, त्यात समुद्रातले डायटम, गवताच्या काड्या त्या रेतीत उभ्याच्या उभ्या गाडलेल्या, आणि त्या रेतीवर लगेच भरतीचा चिखल. म्हणजे जमीन खचली आणि गवत कुजायच्या आत लाट आली. आणि ही गोष्ट एका खाडीत नाही, शेकडो किलोमीटर लांबीच्या किनाऱ्यावर एकामागून एक खाड्यांत त्याच काळातली. माण नदीच्या काठाला हे सगळं एकत्र दाखवा, मी बसचं तिकीट काढतो.

संशयी_सांगोलेकर

बसचं राहू द्या, पटलं. पण रात्री नऊ?

खाजणातला_चिखल्या

नऊ चिखलात लिहिलेलं नाही, ते जपानात लिहिलेलं होतं.

गाडल्या गेलेल्या मातीतल्या काड्यांवर कार्बन डेटिंग केलं तर साधारण १७०० च्या आगेमागे काही दशकं एवढंच निघालं, त्याच्यापेक्षा बारीक कार्बनला जमत नाही. मग झाडं. वॉशिंग्टनमधल्या कोपालिस नावाच्या नदीकाठी सीडरची वाळलेली खोडं अजून उभी आहेत, तिकडं त्याला भुताचं जंगल म्हणतात, जमीन खचून मुळांना खारं पाणी लागलं आणि झाडं उभ्या उभ्या मेली. उभ्या खोडांच्या बाहेरच्या कड्या, म्हणजे वाढीची वर्तुळं, झिजून गेलेल्या, म्हणून चिखलात गाडलेली सालीसकट मुळं खणून काढली. वर्षाला एक कडी, रुंद अरुंद कड्यांचा क्रम जवळच्या जुन्या जिवंत झाडांशी जुळवला, तर शेवटची कडी १६९९ ची. म्हणजे १६९९ चा उन्हाळा झाडानं बघितला, १७०० चा नाही.

आता जपान. तिथल्या जुन्या दप्तरांत गेनरोकु १२ व्या वर्षाच्या १२ व्या महिन्यातल्या ८ व्या दिवसाची नोंद आहे, आपल्याकडची तिथीच समजा, इंग्रजी तारीख २७ जानेवारी १७००, मध्यरात्रीच्या सुमाराला समुद्र चढून आला, घरं गेली, भातशेतीत पाणी शिरलं, पण भूकंप कोणालाच जाणवला नाही. आईबापाविना आलेली लाट, म्हणून तिला पोरकी त्सुनामी म्हणतात. केन्जी साताके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली हिशोब मांडला की ही लाट अमेरिकेकडूनच आलेली असणार. प्रशांत महासागर ओलांडायला लाटेला दहाएक तास लागतात. जपानातल्या मध्यरात्रीतून दहा तास वजा केले की दुपारचे दोन, आणि आजच्या घड्याळानं अमेरिकेचा तो किनारा जपानच्या १७ तास मागं, म्हणजे आदल्या दिवशीचे रात्री नऊ. झालं. तिथल्या मूळ रहिवाशांच्या गोष्टींतही हिवाळ्याच्या रात्री जमीन हलली आणि किनाऱ्यावरचं गाव लाटेत गेलं असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत, फक्त त्याकडं कोणी पुरावा म्हणून बघत नव्हतं.

एक मात्र सांगून ठेवतो. भूकंप किती मोठा होता, म्हणजे ९ च्या आसपास, हेही जपानातल्या लाटांच्या उंचीवरून काढलंय. चिखल तेवढं सांगत नाही. दोन खाड्यांतली जमीन एकाच मिनिटाला खचली का वीस वर्षांच्या अंतरानं, हे कार्बनला कळत नाही. १७०० च्या आधीच्या भूकंपांबद्दल एक अखंड मोठा का पाठोपाठ तीन लहान, हा वाद अजून चालू आहे आणि माझ्या मते लवकर मिटणारा नाही.

माचणूर_घाट

मधेच घुसतो, इतिहासवाला आहे. १६९९ च्या पावसाळ्यापर्यंत औरंगजेबाची छावणी आपल्या मंगळवेढा तालुक्यात ब्रह्मपुरीला भीमेकाठी होती, १६९५ पासून. तिथून उठून तो साताऱ्याकडं गेला आणि डिसेंबरात अजिंक्यताऱ्याला वेढा पडला. म्हणजे ही झाडं मेली तेव्हा साताऱ्याचा वेढा चालू होता! इकडं रोजची बखरी-अखबारांची रद्दी पडलीय आणि तिकडं एक ओळ नाही, चिखलातनं काढावं लागतंय. गंमत वाटली म्हणून लिहिलं.

फौजी_बार्शी

मी अंदमानात होतो २६ डिसेंबर २००४ ला. लाटेबद्दल सगळे बोलतात पण जमीन खचल्याचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितोय. पोर्ट ब्लेअरजवळ सिप्पीघाट म्हणून भाग आहे, तिथं शेती होती, भूकंपानंतर भरतीचं पाणी शेतात यायला लागलं ते गेलंच नाही. आम्हाला पहिले दोन दिवस वाटलं लाटेचं पाणी साचलंय, ओसरेल. तिसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले साहेब पाणी नाही आलं, रान खाली गेलं. खाली ग्रेट निकोबारला इंदिरा पॉइंटचं दीपगृह जमिनीवर होतं ते पाण्यात उभं राहिलं, तिथली जमीन चारेक मीटर खचली असं नंतर वाचलं. आणि उलट उत्तर अंदमानात जमीन वर आली, प्रवाळ उघडं पडून पांढरं झालं.

खाजणातला_चिखल्या

फौजीसाहेब, सलाम. सिप्पीघाटच्या शेतमातीवर आता भरतीचा चिखल बसलेला असणार. पाचशे वर्षांनी कोणी तिथं गज घातला तर नेमकी तीच कापल्यासारखी रेघ दिसणार.

असं डोळ्यांसमोर घडलेलं बघितल्यामुळंच जुने थर वाचता आले. अलास्कात १९६४ साली ९.२ चा भूकंप झाला, पोर्टेज नावाचं गाव दोनेक मीटर खचलं, सोडून द्यावं लागलं, तिथली स्प्रूसची झाडं आजही वाळून उभी आहेत. ते बघितलेलं होतं म्हणून कोपालिसची झाडं ओळखू आली.

आता किल्लारी. पोकलेनवाले, तुमचा हा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. पहिली गोष्ट, लेव्हल पाईपवाल्यांची नळी इथं नाही. समुद्र तीनेकशे किलोमीटर लांब, जमीन हातभर वर-खाली झाली तर मोजणार कशाच्या तुलनेत? दुसरी, तिकडं प्लेटांची कड आहे, किल्लारी प्लेटच्या पोटात, त्यामुळं फुगवटा आणि खचणं असला प्रकार नाही. तिसरी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय, आपली काळी.

पोकलेनवाला_सोलापूर

काळीचं काय?

खाजणातला_चिखल्या

उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात का नाही? वरची माती, पाचोळा, खडे सगळं भेगेत पडतं. पावसाळ्यात तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि खालची माती वर रेटली जाते. म्हणजे काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरत असते. असल्या मातीत हजार वर्षांचे थर ओळीत राहणार कसे? खाजणात उलट, कायम ओल, हवा लागत नाही, गवताची काडी पण तशीच राहते.

म्हणून आपल्याकडं वेगळ्या जागा शोधाव्या लागतात, भ्रंशावर, म्हणजे खडक जिथं तुटून सरकलाय तिथं, खणलेले चर, नदीकाठचा जुना गाळ, जुन्या वस्तीच्या पांढरी. संशोधकांनी १९९३ नंतर किल्लारीबरोबर धाराशिवकडच्या तेरलाही जुन्या भूकंपाच्या खुणा शोधल्यात, तेर म्हणजे जुनं तगर, तिथं माणसांच्या वस्तीचेच थर एकावर एक आहेत, खापरांवरून काळ कळतो.

पाणी आणि जमीन दोन्हीची साक्ष आपल्या देशात बघायची तर कच्छ. १६ जून १८१९ च्या भूकंपात रणात ऐंशी-नव्वद किलोमीटर लांबीचा उंचवटा एका दिवसात उभा राहिला, लोकांनी नाव ठेवलं अल्लाह बंद, म्हणजे माणसानं न बांधलेला बांध. त्याच्या दक्षिणेला सिंद्रीचा किल्ला पाण्यात बुडाला. खुद्द कोकणाबद्दल कोणी विचारायच्या आत सांगतो, आमच्या किनाऱ्याखाली तशी प्लेट सरकत नाही, त्यामुळं खाजणात तसले थर अपेक्षित नाहीत. पण २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरानच्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला त्याची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती. म्हणजे लांबून आलेली रेती मिळू शकते, खचलेली माती नाही.

कडक_भाकरी

चटणी संपली पण धागा मस्त. एक सिरियस प्रश्न, हे सगळं कळून उपयोग काय झाला? परत कधी होणार ते तर सांगत नाहीत.

लेव्हल_पाईप

उपयोग नाही कसा? आमच्याकडं किल्लारीनंतर स्टील वाढलं, बॅण्ड घालायला लागले, ते बघितल्यावर सुचलं. तिकडं बघायच्या आधीच कळलंय.

खाजणातला_चिखल्या

वॉशिंग्टन-ओरेगनमध्ये ९० च्या दशकात बांधकामाचे नियम कडक झाले ते याच चिखलामुळं. वेस्टपोर्टजवळ एका शाळेच्या गच्चीवर मुलांनी आणि गावानं चढून बसावं अशी इमारत २०१६ ला बांधली, कारण पळून जायला जवळ टेकडी नाही. तारीख सांगता येत नाही हे खरं. वॉशिंग्टनच्या विलापा खाडीत गेल्या साडेतीन हजार वर्षांत सात वेळा जमीन खचलीय, म्हणजे सरासरी पाचेकशे वर्षं, पण काही अंतरं त्याच्यापेक्षा खूप कमी आणि काही खूप जास्त, सरासरीवर झोपू नये.

उलटं उदाहरण जपानचंच. सेंदाईच्या सपाट भातशेतीखाली सन ८६९ च्या त्सुनामीची रेती समुद्रापासून काही किलोमीटर आत सापडली होती, २०११ च्या बऱ्याच आधी. ११ मार्च २०११ ला पाणी साधारण तेवढंच आत गेलं. रेतीनं सांगितलं होतं, किनाऱ्यावरच्या भिंतींची उंची ठरवेपर्यंत ते पोचलं नाही.

पोकलेनवाला_सोलापूर

डोक्यात उजेड पडला ओ, सगळ्यांचे आभार. भाचीला हा धागा पाठवला, ती म्हणतीय मामा तुम्हीच परीक्षेला बसा. मग हिप्परग्याचे माझे थर काय, नुसता पूर आणि दुष्काळ?

खाजणातला_चिखल्या

बहुतेक हो. तलाव ब्रिटिश काळातला, म्हणजे दीडेकशे वर्षांचा गाळ. रेतीची रेघ म्हणजे जोराचा पूर, भेगा पडलेला थर दिसला तर त्या वर्षी तळ उघडा पडला होता. तेही कमी नाही, कुठल्या वर्षी तळ दिसला होता हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून वरून मोजत या. पुढच्या वेळी बकेटनं कापल्यावर लगेच फोटो काढू नका, बकेट गाळ फासते आणि थर लपतात. खुरप्यानं बोटभर तासून काढा, वर थोडं पाणी शिंपडा, शेजारी टेप उभी लावा, आणि सकाळी तिरकं ऊन असताना काढा.

पोकलेनवाला_सोलापूर

टेप लावायची राहिली होती बगा. पाणी परत खाली जाईपर्यंत थांबावं लागणार आता, सध्या तुडुंब आहे.